अल्लादियाखाँ

उस्ताद अल्लादियाखाँ (जन्म : १० ऑगस्ट १८५५, उणियारा, राजस्थान; मृत्यू : १६ मार्च १९४६, मुंबई) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील थोर गायक, रचनाकार व गुरू होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे ते प्रवर्तक मानले जातात. कोल्हापूर संस्थानचे छत्रपती शाहू महाराज यांच्या दरबारात त्यांनी सुमारे पाव शतक दरबारगायक म्हणून सेवा केली. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर हे त्यांचे विशेष ख्यातनाम शिष्य होत.

ऐन उमेदीत त्यांचा आवाज बिघडला. तो काही काळाने परत आला, परंतु पूर्वीचा राहिला नाही. उरलेल्या आवाजाला साजेशी नवी गायकी त्यांनी घडवली आणि पुढे तीच त्यांच्या घराण्याची ओळख ठरली. भारतीय संगीताच्या इतिहासात हे उदाहरण त्यामुळे विशेष महत्त्वाचे समजले जाते.

घराणे व बालपण

खाँसाहेबांचे पूर्वज मूळचे अत्रौलीचे. हे गाव आजच्या उत्तर प्रदेशातील अलीगढ जिल्ह्यात आहे. आपला वंश मूळचा गौड ब्राह्मणांचा, शांडिल्य गोत्राचा असून पुढे त्याने इस्लाम स्वीकारला, अशी या कुटुंबाची परंपरागत धारणा होती. राजाश्रयाच्या निमित्ताने घराण्यातील गवई राजस्थानात गेले आणि जयपूर, टोंक, उणियारा अशा ठिकाणी स्थिरावले. ‘जयपूर-अत्रौली’ हे जोडनाव या दोन मुलखांवरून पडले.

त्यांचे मूळ नाव गुलाम अहमद. आईवडिलांची आधीची अपत्ये जगली नव्हती. म्हणून हा मुलगा ‘अल्लाने दिलेला’ या अर्थाने ‘अल्लादिया’ म्हणून ओळखला जाऊ लागला, असे सांगतात. वडील अहमदखाँ हे स्वतः दरबारी गवई होते. मुलगा पौगंडावस्थेत असतानाच ते निवर्तले. घरातील कर्ता पुरुष गेला आणि ज्याच्याकडून विद्या मिळायची तो गुरूही गेला, असा हा दुहेरी आघात होता. त्या काळी गाण्याची विद्या ग्रंथांत नव्हती. ती घरातील बुजुर्गांच्या कंठात असे, आणि बुजुर्ग गेला की त्याच्यापुरती ती संपत असे.

या प्रसंगी चुलते जहाँगीरखाँ यांनी पुतण्याचा भार उचलला. जयपूरला त्यांच्याकडे अल्लादियाखाँची दीर्घ तालीम झाली. आधी सुमारे ५ वर्षे ध्रुपद-धमार आणि नंतर सुमारे ८ वर्षे ख्याल, असा हा क्रम सांगितला जातो. ध्रुपदामुळे रागाची शुद्धता आणि लयीची पकड पक्की झाली, ख्यालामुळे विस्ताराची मोकळीक मिळाली. त्या वेळी जयपूर हे गुणिजनांचे मोठे केंद्र होते. तेथे त्यांना अनेक थोर कलावंतांचे गाणे ऐकायला मिळाले. त्यांपैकी मुबारक अलीखाँ यांच्या गुंतागुंतीच्या, अनपेक्षित वळणे घेणाऱ्या तानांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला.

आवाजाचा बिघाड

तरुण वयात अल्लादियाखाँ यांचा आवाज सुरेल, चढा व लवचीक होता असे वर्णन आढळते. आश्रयाच्या शोधात ते निरनिराळ्या संस्थानांतून फिरत होते. माळव्यातील अमलेटा या छोट्या संस्थानात त्यांचा मुक्काम असताना तेथील संस्थानिकांना त्यांच्या गाण्याची विलक्षण गोडी लागली. बैठकींना खंड पडेना. वेळी-अवेळी, विश्रांतीविना तासन्‌तास गावे लागल्यामुळे गळ्यावर असह्य ताण पडला आणि एके दिवशी आवाज बसला. तो बराच काळ उमटलाच नाही.

या घटनेचे गांभीर्य समजण्यासाठी त्या काळच्या गवयाची स्थिती लक्षात घ्यावी लागते. ध्वनिमुद्रण नव्हते, संगीत-विद्यालये नुकतीच कोठे उदयास येत होती, आणि निवृत्तिवेतनासारखी कोणतीही हमी नव्हती. गळा हेच गवयाचे शेत, तेच भांडवल. वाद्य मोडले तर दुसरे आणता येते. गळ्याला ती सोय नाही. कुटुंबाची जबाबदारी असलेल्या तरुण गवयाचा आवाज जाणे म्हणजे उपजीविका जाणे, आणि तेरा वर्षांची तालीम वाया जाण्याचीही भीती.

यथावकाश आवाज परतला. मात्र तो जड झाला होता. पूर्वीची सहज गोडी आणि नाजूक फिरत त्यात राहिली नव्हती. केवळ कंठमाधुर्यावर श्रोत्यांना जिंकणे आता शक्य नव्हते.

नव्या गायकीची घडण

येथून पुढे खाँसाहेबांनी जे केले ते त्यांचे खरे कर्तृत्व होय. हरवलेला आवाज परत मिळवण्याच्या मागे न लागता, आहे त्या आवाजात काय साधेल याचा त्यांनी विचार केला. ध्रुपदाने दिलेला दमसास, गमकेचे वजन, लयीची अचूक जाण आणि शेकडो बंदिशींचा संग्रह हे धन शाबूत होते. मुबारक अलीखाँच्या तानांची स्मृतीही होती. या सामग्रीतून त्यांनी वर्षानुवर्षे रियाज करून एक स्वतंत्र गायकी सिद्ध केली. तिची प्रमुख वैशिष्ट्ये अशी :

आकार : स्वर मोकळ्या, खुल्या ‘आ’कारात लावला जातो. आवाजात कृत्रिम लाडिकपणा आणला जात नाही.

स्वर व लय यांची सांगड : एकेका स्वरावर लयीपासून अलिप्त राहून दीर्घकाळ रेंगाळण्याऐवजी आलापाचा प्रत्येक तुकडा तालाच्या मात्रांमध्ये विणला जातो. विलंबित लयही अतिसंथ नसते. त्यामुळे गाणे सतत पुढे सरकत राहते. तबल्याचा ठेका साधा व भरीव अपेक्षित असतो.

तानांची बांधणी : सरळ चढउतार करणाऱ्या सपाट तानांपेक्षा गमकयुक्त, वळणावळणांच्या, एका दमात लांबवर जाणाऱ्या तानांना महत्त्व असते. पुढचे वळण कोणते हे श्रोत्याला सहसा ओळखता येत नाही, तरीही तान समेवर बिनचूक येते.

अनवट व जोड राग : अनवट म्हणजे क्वचित गायले जाणारे राग. संपूर्ण मालकंस, बसंती केदार, सावनी, बिहागडा, नट कामोद, ललिता गौरी, खट इत्यादी राग या घराण्यात विशेष गायले जातात. जोड रागात दोन रागांची जोडणी ठिगळासारखी न दिसता एकजीव व्हावी, असा आग्रह असतो.

या वैशिष्ट्यांकडे एकत्रितपणे पाहिले असता असे दिसते की, या गायकीने गाण्याचे आकर्षण आवाजाच्या गोडीवरून स्वराकृतींच्या बांधणीवर आणले. ती अवघड, ‘पेचदार’ म्हणून ओळखली जाते. श्रोत्याकडूनही ती लक्ष देऊन ऐकण्याची अपेक्षा करते. आवाज बिघडणे हे या गायकीचे एकमेव कारण मात्र म्हणता येत नाही. जहाँगीरखाँची तालीम, जयपूरचे श्रवण आणि स्वतःची प्रज्ञा नसती, तर त्या आघातातून केवळ एक उद्ध्वस्त गवई उरला असता. आघाताने जुनी वाट बंद केली. नवी वाट पूर्वसंचिताच्या आणि मेहनतीच्या बळावर तयार झाली.

कोल्हापूरचे दिवस

अनेक ठिकाणी भ्रमंती केल्यानंतर अल्लादियाखाँ महाराष्ट्रात आले. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला होता. पुढच्याच वर्षी, १८९५ च्या सुमारास, त्यांनी खाँसाहेबांची दरबारगायक म्हणून नेमणूक केली. वयाच्या चाळिशीत त्यांना प्रथमच खऱ्या अर्थाने स्थैर्य लाभले. धाकटे बंधू हैदरखाँ हेही उत्तम गवई होते व त्यांच्या जोडीने गात.

कोल्हापूर ही त्या काळी मल्लविद्या, चित्रकला, नाट्य आणि संगीत या सर्वांना आश्रय देणारी नगरी होती. १८८३ मध्ये सुरू झालेल्या गायन समाज देवल क्लबमुळे दरबाराबाहेरही जाणकार श्रोतृवर्ग तयार होत होता. अंबाबाईच्या मंदिराशी असलेला खाँसाहेबांचा भावबंध कोल्हापूरकर आजही आवर्जून सांगतात. राजस्थानात जन्मलेला, घरी हिंदुस्तानी बोलणारा हा मुस्लिम गवई करवीरनगरीने आपला मानला. घराण्याचे पीठ जयपूर असले, तरी त्याचा विस्तार प्रामुख्याने मराठी मुलखात झाला, याचे मूळ या काळात आहे.

त्यांच्या विद्येचा लाभ मराठी रंगभूमीलाही झाला. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या पदांना चाली देणारे कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकाचे संगीत करणारे भास्करबुवा बखले हे दोघेही खाँसाहेबांच्या गाण्याने संस्कारित झालेले होते. टेंबे यांनी पुढे खाँसाहेबांचे मराठी चरित्रही लिहिले.

१९२२ : दोन वियोग

१९२२ हे वर्ष खाँसाहेबांना अत्यंत कठीण गेले. ८ एप्रिल रोजी त्यांचे पट्टशिष्य भास्करबुवा बखले यांचे निधन झाले. ते अवघे ५२ वर्षांचे होते. त्यानंतर महिनाभरातच, ६ मे रोजी, शाहू महाराज मुंबईत निवर्तले. विद्या पुढे नेणारा शिष्य आणि विद्येला आधार देणारा आश्रयदाता, दोघेही पाठोपाठ गेले. त्या वेळी खाँसाहेबांचे वय ६६ वर्षे होते.

यानंतर ते मुंबईस स्थायिक झाले. दरबाराच्या छायेतून बाहेर पडून महानगरातील खासगी बैठका आणि शिकवण्या यांवर आयुष्य पुन्हा उभे करावे लागले. निवृत्तीच्या वयात सुरू झालेला हा कालखंड गुरू म्हणून मात्र अत्यंत फलदायी ठरला.

शिष्यपरिवार

केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचे गंडाबंधन, म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटावर धागा बांधून त्याचा विधिवत स्वीकार करणे, १९२१ मध्ये झाले. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाईंनी त्यापूर्वी अनेक गुरूंकडे खंडित शिक्षण घेतले होते. खाँसाहेबांकडील प्रदीर्घ, काटेकोर तालमीनंतर त्या अग्रगण्य गायिका झाल्या. १९७७ मध्ये अंतराळात पाठविलेल्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत भारतीय संगीताचा एकमेव नमुना म्हणून त्यांच्या आवाजातील भैरवी समाविष्ट आहे.

मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांचा जीवनक्रम गुरूच्या जीवनाशी मिळताजुळता आहे. गोव्यातील कुर्डी गावच्या मोगूबाईंनी दहाव्या वर्षी आई गमावली. मुलीने गायिका व्हावे हा आईचा ध्यास होता. नाटकमंडळ्यांतून कामे करीत त्या सांगलीस आल्या. औषधोपचारासाठी तेथे आलेल्या खाँसाहेबांच्या कानी त्यांचा रियाज पडला आणि त्यांनी आपण होऊन शिकविण्यास प्रारंभ केला. पुढे तालमीत अनेक अडथळे आले. त्यांचे गंडाबंधन १९३४ मध्ये झाले. १९३९ मध्ये पती माधवदास भाटिया यांचे निधन झाल्यानंतर मुलांचा सांभाळ त्यांनी गाण्याच्या बळावर एकटीने केला. विख्यात गायिका किशोरी आमोणकर या त्यांच्या कन्या होत.

पुत्रवियोग व अखेरची वर्षे

खाँसाहेबांना नसीरुद्दीन (बडेजी), बद्रुद्दीन (मंजीखाँ) व शमसुद्दीन (भूर्जीखाँ) असे तीन पुत्र होते. मंजीखाँ हे स्वतंत्र प्रतिभेचे गायक होते. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे शिकत असतानाच, १९३७ मध्ये मंजीखाँचे अकाली निधन झाले. वयाच्या ऐंशीनंतर खाँसाहेबांना हा पुत्रशोक सोसावा लागला. मन्सूर यांची तालीम पुढे धाकटे पुत्र भूर्जीखाँ यांनी चालविली. जहाँगीरखाँनी अनाथ पुतण्याला शिकविले होते, तसेच येथे एका भावाने दुसऱ्याचा शिष्य सांभाळला आणि विद्या खंडित होऊ दिली नाही.

वृद्धापकाळी खाँसाहेबांनी आपल्या आयुष्याच्या आठवणी नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितल्या व त्यांनी त्या लिहून घेतल्या. एका जुन्या गवयाचे स्वमुखातून आलेले हे आत्मकथन दरबारी संगीताच्या इतिहासाचे मोलाचे साधन मानले जाते. १६ मार्च १९४६ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वारसा

‘संगीतसम्राट’, ‘संगीतातील गौरीशंकर’ अशा बिरुदांनी अल्लादियाखाँ यांचा गौरव झाला. कोल्हापूर शहरात त्यांचा पुतळा आहे. भूर्जीखाँमुळे (मृत्यू १९५०) त्यांच्या पश्चातही कोल्हापूरशी घराण्याचा संबंध टिकून राहिला. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांनी भूर्जीखाँ व केसरबाई या दोघांकडून तालीम घेतली.

खाँसाहेबांच्या स्वतःच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांचा मूळचा आवाज कसा होता आणि नंतरचा कसा झाला, हे आज कोणालाही ऐकता येत नाही. त्यांची गायकी मात्र केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर व किशोरी आमोणकर यांच्या ध्वनिमुद्रणांतून अभ्यासता येते. यांतील प्रत्येकाचा गळा वेगळा आहे; लयीत विणलेली स्वरांची वीण मात्र एकच आहे.