होकार मिळाल्यानंतरचं काम

तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा सेविका जो सीबॅक फॉर्म (आरोग्य-जोखमीची प्रश्नावली) भरते, त्यात साठी ओलांडलेल्यांना चार वेगळे प्रश्न असतात. उभं राहताना, चालताना तोल जातो का? अपंगत्वामुळे हालचाल कमी झाली आहे का? जेवण, अंघोळ, कपडे यांसाठी कुणाची मदत लागते का? जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरायला होतो का? एकही होकार आला तर त्या व्यक्तीला जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवायचं असतं. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणत म्हातारी माणसं पडल्याचं आपणहून बोलून दाखवत नाहीत, म्हणून हे असं नेमकं विचारणं मोलाचं आहे. ही उत्तरं आता मोबाइलमध्ये भरली जातात. पण त्या होकाराचं पुढे काय होतं, यावरच या सगळ्या खटाटोपाची किंमत ठरते.

म्हाताऱ्यांच्या सेवेतलं तंत्रज्ञान माणसाच्या सोबतीनं दारापर्यंत आलं तरच उपयोगी पडतं, असं माझं ठाम मत आहे. पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याचंच पाहा. तो डिजिटल पद्धतीनं देणारं ‘जीवन प्रमाण’ 2014 मध्ये आलं, तरी कष्टानं झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. पुढे 2020 पासून पोस्टमन हे काम घरी येऊन करू लागला, 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, तेव्हा कुठे अंथरुणाला खिळलेल्यांची वाट सोपी झाली. ई-संजीवनी या दूरवैद्यकीय सल्ल्याच्या सेवेतही डॉक्टर पडद्यावर असतो, पण उपकेंद्रात रक्तदाब मोजायला आणि डॉक्टरचं बोलणं पुन्हा समजावून सांगायला समुदाय आरोग्य अधिकारी शेजारी बसलेला असतो.

मोबाइलवरच्या नोंदींबाबत आशांचा आक्षेप रास्त आहे : रजिस्टरही भरायचं आणि मोबाइलही, हे दुहेरी काम त्यांनी किती सोसायचं? ॲपमध्ये नोंद झाली की रजिस्टर बंद व्हावं आणि त्या कामाचा मोबदला वेगळा मिळावा. दुसरी भीती खासगीपणाची. विसरभोळेपणाची नोंद उद्या जमिनीच्या वादात वापरली गेली तर? म्हणून तो प्रश्न घरच्यांच्या घोळक्यात विचारू नये आणि उत्तर आरोग्य पथकाबाहेर कुणाला दिसू नये. मात्र या अडचणींपायी नोंदच नको म्हटलं, तर एकट्या राहणाऱ्या माणसाची खबर घ्यायला कुणीच उरणार नाही.

होकारासोबत पुढच्या भेटीची तारीख आणि ती भेट कुणी घ्यायची, हे आशाच्या मोबाइलवर परत आलं पाहिजे. गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीला जाल, तेव्हा तोल जाणाऱ्यांपैकी किती जणांकडे पुन्हा कुणी गेलं, एवढं जरूर विचारा.