न आलेल्या विमानाची बावीस वर्षे

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप देण्यात आला. हवाई दलप्रमुखांनी स्वतः त्यातून उड्डाण केले, उतरलेल्या विमानांना पाण्याच्या फवाऱ्यांची मानवंदना मिळाली आणि १९६३ पासून चाललेल्या बासष्ट वर्षांच्या सेवेबद्दल देशभर गहिवर व्यक्त झाला. १९७१ च्या युद्धात ढाक्याच्या राजभवनावर झालेला हल्ला, नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात या विमानाची झालेली बांधणी, या साऱ्याची उजळणी झाली आणि ती योग्यच होती. मात्र प्रशिक्षणाची एक अख्खी पायरी गाळून ज्या विशी-बाविशीतील तरुणांना या विमानात बसवले गेले, त्यांचा उल्लेख श्रद्धांजलीच्या एखाद्या वाक्यापुरताच आला. हा मागोवा त्या गाळलेल्या पायरीचा आहे. तो पुण्यातून घेणे सयुक्तिक ठरते, कारण शहराच्या नैर्ऋत्येला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, ईशान्येला लोहगावचा हवाई तळ आहे आणि या दोहोंमधील अंतर कापायला येथील मुलाला आसामातील तेजपूरमार्गे जावे लागत होते.

प्रबोधिनीचा आरंभकाळ येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. १९४९ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरूंनी पायाभरणी केली, १९५५ च्या जानेवारीत संस्था खडकवासल्यास रीतसर सुरू झाली आणि पुढची दोन-तीन दशके पुणेकरांनी तिच्याकडे मुख्यतः दीक्षान्त संचलनाच्या छायाचित्रांतूनच पाहिले. महाराष्ट्रातील मुलांचे तेथील प्रमाण वाढावे म्हणून १९६१ मध्ये साताऱ्याची सैनिक शाळा व १९७७ मध्ये औरंगाबादची सेवापूर्व शिक्षण संस्था उभी राहिली. आज मध्यमवर्गीय घरांत 'एनडीए' हे अक्षरत्रय जसे उच्चारले जाते, त्याची मुळे बरीचशी या दोन संस्थांत आहेत.

वैमानिक होण्याची वाट मात्र प्रबोधिनीच्या प्रवेशद्वारापाशी संपत नाही, हे घरोघरी उशिराच कळते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा, त्यानंतर सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत, आणि हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी त्याखेरीज वैमानिक कल चाचणी, जी जुन्या मुलांच्या तोंडी 'पीएबीटी' म्हणून रुळली होती, असा तो क्रम होता. या चाचणीत विमानातील उपकरणांचे वाचन लेखी तपासले जाई आणि हात, पाय व डोळे यांचा मेळ यंत्रावर पारखला जाई. गेल्या दशकात तिची जागा संगणकाधिष्ठित 'सीपीएसएस' चाचणीने घेतली. मूळ नियम तसाच राहिला. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते आणि तीत अनुत्तीर्ण झालेल्यास सैन्यदलातील वैमानिकपदाचे दार कायमचे बंद होते. एकाच सकाळी लागणारा इतका अंतिम निकाल दुसऱ्या कोणत्या सरकारी परीक्षेत असेल असे वाटत नाही.

प्रबोधिनीतील तीन वर्षांनंतर हवाई दलाचे छात्र हैदराबादजवळच्या दुंडीगल येथील वायुसेना अकादमीत जातात. तेथे पहिल्या टप्प्याचे उड्डाण प्रशिक्षण झाले की त्यांची लढाऊ, मालवाहू व हेलिकॉप्टर अशा तीन प्रवाहांत विभागणी होते. छात्राची पसंती विचारली जाते. परंतु प्रवाह ठरतो तो त्याच्या उड्डाणाच्या गुणांवर, प्रशिक्षकांच्या अभिप्रायावर आणि त्या वर्षी कोणत्या प्रवाहात किती जागा आहेत यावर. म्हणजे ज्याला सर्वजण त्या तरुणाची निवड म्हणतात, तिच्यातला मोठा वाटा दलाजवळच्या विमानांच्या संख्येचा असतो. ही गोष्ट नीट ध्यानात घेतल्याशिवाय १९९७ ते २००८ या काळाचा अर्थ लागत नाही.

त्या काळाची सुरुवात पुण्यात मोठ्या दिमाखात झाली. जून १९९७ मध्ये लोहगावला पहिली सुखोई-३० विमाने दाखल झाली, सप्टेंबर २००२ मध्ये त्यांची सुधारित एमकेआय आवृत्ती याच तळावर आली, आणि विमाननगर-वडगाव शेरीच्या गच्च्यांवरून दोन इंजिनांचा तो गडगडाट ऐकणाऱ्या शाळकरी मुलांच्या एका पिढीने आपले ध्येय तेथेच ठरवून टाकले. त्यांच्या डोळ्यांपुढे दोन आसनांचे, दोन इंजिनांचे आधुनिक विमान होते. प्रत्यक्षात अकादमीतून लढाऊ प्रवाहात निवडल्या गेलेल्या तरुणांपैकी बहुतेकांची रवानगी होत होती ती आसामातील तेजपूर येथे, मिग-२१ वर प्रत्यक्ष लढाऊ उड्डाणाचे शिक्षण देणाऱ्या तुकडीत. तोपर्यंत त्यांनी हाताळलेली जेट विमाने म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे किरण किंवा पोलंडचे इस्क्रा, दोन्ही ध्वनीपेक्षा बऱ्याच कमी वेगाची. किरण धावपट्टीवर उतरते ते ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. मिग-२१ त्यासाठी ताशी तीनशेच्या वरचा वेग मागते. त्याचे त्रिकोणी पंख वेग कमी होताच आधार सोडू लागतात आणि त्याच्या दोन आसनी आवृत्तीत मागे बसलेल्या प्रशिक्षकाला पुढची धावपट्टी पाहण्यासाठी परिदर्शकाचा, म्हणजे पेरिस्कोपचा, आधार घ्यावा लागे. १९६० च्या दशकात पूर्ण तयारीच्या वैमानिकांसाठी आणलेले विमान अशा रीतीने नवशिक्यांची शाळा बनले होते.

या दोन टोकांमध्ये एक प्रगत जेट प्रशिक्षण विमान, म्हणजेच 'एजेटी', हवे ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. एअर मार्शल ला फोंतेन यांच्या समितीने १९८२ मध्येच तशी शिफारस केली होती, आणि ते स्वतः पुढे १९८५ ते १९८८ या काळात हवाई दलप्रमुखही होते. लढाऊ विमानांच्या अपघातांचा विचार करण्यासाठी १९९७ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली गेली. ब्रिटनच्या हॉक विमानांचा ६६ नगांचा करार झाला मार्च २००४ मध्ये, आणि ती बिदरच्या तळावर सेवेत रुजू झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. शिफारस व करार यांमध्ये बावीस वर्षे गेली. त्या बावीस वर्षांत दिल्लीत काँग्रेस, जनता दल, संयुक्त आघाडी आणि भाजप अशी सर्वांची सरकारे येऊन गेली, त्यामुळे या प्रकरणी कोणत्याही पक्षाच्या प्रवक्त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचे धाडस करू नये. किंमत जास्त आहे, दुसऱ्या देशाचे विमान स्वस्त पडेल, देशी पर्याय येऊ घातला आहे, अशी कारणे आलटून पालटून सांगितली गेली. त्यांतील देशी पर्याय, म्हणजे मार्च २००३ मध्ये पहिले उड्डाण केलेले सितारा हे त्याच्या आधीच्या टप्प्याचे विमान, वीस वर्षे उलटूनही प्रशिक्षणार्थींच्या हाती पडले नाही.

या दिरंगाईची किंमत महाराष्ट्रातील वाचकांना एका नावाने ठाऊक झाली. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे रात्रीच्या उड्डाणासाठी झेपावलेले मिग-२१ काही क्षणांत कोसळले आणि फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मृत्यू झाला. दोष वैमानिकाच्या माथी मारला गेला तेव्हा त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी तो निष्कर्ष जाहीरपणे नाकारला आणि मिगच्या प्रश्नावर त्या वर्षानुवर्षे बोलत राहिल्या. वीरमातेने मान खाली घालून पदक स्वीकारावे, कागदपत्रे मागू नयेत, असा जो अलिखित संकेत आहे तो त्यांनी मोडला आणि त्याबद्दल त्या काळी त्यांना देशप्रेमाचे धडे देणारेही कमी नव्हते. गाडगीळ दांपत्याने पुढे मुलाच्या नावे हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान काढले आणि पुण्यात सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या यंत्रावर, तरुण वैमानिकांच्या सरावाची सोय केली; जे काम सरकारने १९८२ नंतर करावयाचे होते त्यातील एक लहानसा भाग एका शोकाकुल घराने उचलला. २००६ मध्ये याच विषयाभोवती फिरणारा 'रंग दे बसंती' हा चित्रपट आला, प्रदर्शनापूर्वी तो संरक्षणमंत्र्यांना व सैन्यदलांच्या प्रमुखांना दाखवला गेला आणि तरुणांनी मेणबत्त्या पेटवल्या. हॉक मात्र आणखी दोन वर्षांनी आले.

'मानवी चूक' या निष्कर्षाबद्दल येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. अपघाताची चौकशी घटनांच्या साखळीतील शेवटच्या दुव्यापाशी, म्हणजे कॉकपिटमधील माणसापाशी, सहज थांबते, कारण त्याने कोणती कळ केव्हा दाबली हे नोंदवता येते. त्याला आदल्या वर्षी मधल्या पायरीचे विमान मिळाले नाही, हे कोणत्याच उपकरणात नोंदले जात नाही. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत नष्ट झाली असून त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले आहेत. एवढ्या माणसांकडून स्वतंत्रपणे एवढ्या चुका होतात असे मानायचे, की त्यांना घडवणाऱ्या व्यवस्थेत दोष होता असे मानायचे, हा प्रश्न फारसा अवघड नाही.

२००० च्या दशकातच निवडीचा दुसरा प्रसंग आला, तो चाळिशीकडे झुकलेल्यांवर. २००३ ते २००६ या काळात स्वस्त विमानसेवांच्या कंपन्या एकापाठोपाठ सुरू झाल्या आणि दलातील वैमानिकांना बाहेरच्या पगाराचे आकडे दिसू लागले. कायम नियुक्तीच्या अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षांची सेवा पुरी करावी लागते. विंग कमांडर हे पद ठरावीक मुदतीने मिळते, त्यापुढचे ग्रुप कॅप्टनपद मात्र निवडीने, आणि वर जावे तसे उड्डाण कमी व कार्यालय अधिक होत जाते. बाहेर विमानाचा कप्तान होण्यासाठीच्या परवान्याला दीड हजार उड्डाणतास लागतात. मालवाहू प्रवाहातील वैमानिक लांब पल्ल्याच्या फेऱ्यांमुळे ते सहज जमवतो, लढाऊ वैमानिकाचे उड्डाण तासाभराचे असल्याने त्याची जमा तोकडी राहते आणि हेलिकॉप्टरवाल्याचा परवानाच वेगळा असतो. बाविसाव्या वर्षी दुंडीगलला ज्या यादीने प्रवाह ठरला तीच यादी चाळिसाव्या वर्षी बाजारभावही ठरवते. आणि त्या यादीत ज्याला सर्वोत्तम मानले गेले त्याची बाजू येथे सर्वांत दुबळी असते, ही विसंगती प्रवेशाच्या वेळी कोणी समजावून सांगत नाही.

२००८ नंतरचा काळ तुलनेने झटपट सांगता येतो, कारण त्यात तीच चूक खालच्या पायरीवर पुन्हा घडली. जुलै २००९ मधील एका प्राणघातक अपघातानंतर प्राथमिक शिक्षणाचे एचपीटी-३२ हे विमान उड्डाणातून काढण्यात आले, त्याजागी स्वित्झर्लंडचे पिलाटस येण्यास २०१३ उजाडले, आणि मधल्या काळात अगदी नवशिक्यांनाही थकलेल्या किरण जेटवर बसवले गेले. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार २०१५ मध्ये ४८६ असलेली वैमानिकांची तूट २०२१ पर्यंत ५९६ वर गेली.

मुलींच्या बाबतीत शहाणपण आणखी उशिरा आले. १९९४ पासून स्त्रिया मालवाहू विमाने व हेलिकॉप्टर चालवत होत्या. नोव्हेंबर २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी लोहगावहून सुखोईत उड्डाण केले. त्याच तळावर पंचविशीतील स्त्री अधिकाऱ्याला मात्र त्या विमानाची वैमानिक होण्याची मुभा नव्हती, आणि त्याच महिन्यात दलाचे तत्कालीन उपप्रमुख तिच्या संभाव्य मातृत्वामुळे प्रशिक्षणाचा खर्च वाया जाण्याची चिंता करत होते. पहिल्या तीन स्त्री लढाऊ वैमानिक २०१६ मध्ये रुजू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर खडकवासल्यास दाखल झालेल्या मुलींच्या पहिल्या तुकडीतील १७ छात्रा ३० मे २०२५ रोजी बाहेर पडल्या. न्यायालयाने सांगेपर्यंत हे का थांबले, याचे समाधानकारक उत्तर दिले गेलेले नाही.

आज हवाई दलाला मंजूर असलेल्या ४२ लढाऊ तुकड्यांपैकी, म्हणजे स्क्वाड्रनपैकी, मिगच्या निवृत्तीनंतर २९ उरल्या आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये मागवलेली ८३ तेजस विमाने ठरल्या मुदतीत आली नाहीत आणि निरोप समारंभाच्या आदल्याच दिवशी आणखी ९७ चा करार करण्यात आला. करार वेळेवर होतात आणि विमाने होत नाहीत, एवढी प्रगती १९८२ नंतर निश्चित झाली आहे. तुकड्या घटल्या की लढाऊ प्रवाहातील जागाही आक्रसणार, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. तरीही पेठांपासून निगडीपर्यंतच्या शिकवणी वर्गांच्या फलकांवर लढाऊ विमानाचेच चित्र असते आणि त्याखाली दहावीपासूनच्या दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क असते. एकदाच देता येणारी चाचणी, रंगदृष्टीतील दोष, ठरावीक मापात बसावी लागणारी उंची व पायांची लांबी, यांतील एकही अट त्या फलकावर नसते, आणि यांपैकी कोणतीही गोष्ट गणिताच्या जादा तासांनी सुधारत नाही.

म्हणून पुण्यातील पालकांनी वर्गाचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी मुलाची किंवा मुलीची दृष्टी, रंगज्ञान व शरीराची मापे हवाई दलाच्या प्रसिद्ध निकषांनुसार तपासून घ्यावीत. लढाऊ प्रवाह न मिळाल्यास मालवाहू विमान, हेलिकॉप्टर, नौदलाची वा नाशिकला प्रशिक्षण देणारी भूदलाची हवाई शाखा आपल्या पाल्याला चालेल का, हे त्याला आधी विचारावे. आणि आपल्या खासदाराला दरवर्षी एकच गोष्ट विचारावी, की मागवलेल्या विमानांपैकी किती आली.