तुतारी, कमळ आणि विळा-हातोडा

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर सेन्सॉरचे प्रमाणपत्र येते आणि त्यापाठोपाठ निर्मिती संस्थेचे बोधचिन्ह. वीस-पंचवीस सेकंदांचा मामला. तेवढ्या वेळात कुणी मोबाइल बंद करतो, कुणी मुलाला मांडीवर घेतो. पण हे चित्र उगाच आलेले नसते. कथा सांगणारा आधी स्वतःची ओळख सांगतो, म्हणजे एका अर्थाने आपली नियत जाहीर करतो.

वाचकहो, आपल्यापैकी काही घरांत सिनेमा आवडीने पाहिला जातो, तर काही घरांत तो पाहणे पसंत नाही. सिनेमा पाहावा की पाहू नये, हा या लेखाचा विषय नाही. ही चिन्हे घडवणाऱ्या माणसांत आपलीही माणसे होती आणि त्यांची नावे घराघरातून पुसली जात आहेत, म्हणून हा लेख.

कोल्हापूरची तुतारी

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात फिल्म कंपनी' सुरू झाली. भागीदार पाच : व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी. नाव प्रभात, म्हणून चिन्हही पहाटेचे. एक स्त्री तुतारी फुंकते आहे, नवा दिवस उजाडल्याची वर्दी देते आहे.

मूकपटाच्या काळात पडद्यावरच्या तुतारीला आवाज असणे शक्यच नव्हते. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला आणि मराठी सिनेमा बोलू लागला. मग तुतारीलाही सूर मिळाला. पुढे तो सूर कानावर पडला की चित्र न पाहताही लोक ओळखत, प्रभातचा सिनेमा आहे.

या पाच जणांतले फत्तेलाल कागलचे. कंपनीत सगळे त्यांना 'साहेबमामा' म्हणत. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते तयार झाले. प्रभातमध्ये कलाविभाग त्यांच्याकडे होता. देवळे, वाडे, राजदरबार, गावाची वेस, प्रभातच्या पडद्यावरची ही सारी दुनिया त्यांच्या नजरेतून उभी राहिली. १९३६ चा 'संत तुकाराम' दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. १९४० चा 'संत ज्ञानेश्वर' याच जोडीचा. वारकऱ्यांच्या तुकोबांना पडद्यावर आणणाऱ्या दोघांपैकी एक शेख फत्तेलाल होते, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. मराठी ही आपलीही भाषा आहे, हे पटवून देण्यासाठी याहून मोठा दाखला कोणता?

ओंजळीतली फुले, हातातले व्हायोलिन

शांतारामबापू १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत 'राजकमल कलामंदिर' उभे राहिले. वडील राजाराम, आई कमल, या दोन नावांतून संस्थेचे नाव तयार झाले. चिन्हही त्याला साजेसे : कमळात उभी राहून फुले उधळणारी स्त्री. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) पासून सिनेमाबरोबर चिन्हाच्या दुनियेतही रंग आले.

राज कपूर यांच्या आर. के. फिल्म्सची गोष्ट वेगळी. पहिला चित्रपट 'आग' १९४८ चा. त्यानंतर १९४९ मध्ये 'बरसात' आला. त्यात एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर झुकलेली नायिका असे दृश्य होते. तेच पुढे संस्थेचे चिन्ह झाले. काळाबरोबर त्यातल्या रेषा कमी होत गेल्या, चेहरे गळाले, उरल्या दोन आकृत्या. तरी ओळख पक्की राहिली. चांगल्या चिन्हाची कसोटी हीच : तपशील कमी झाला तरी ते बोलते.

परदेशातही असेच घडले. अमेरिकेच्या एम. जी. एम. कंपनीचा सिंह मूकपटात नुसता मान हलवत असे. त्याची डरकाळी प्रथम ऐकू आली १९२८ मध्ये. त्यानंतर काळाप्रमाणे सिंह बदलले, पण डरकाळी कायम राहिली.

मेहबूब खान यांचे चिन्ह

आता सर्वांत वेगळ्या चिन्हाकडे येऊ. मेहबूब खान गुजरातमधील बिलिमोरा परिसरातले. शालेय तालीम नावापुरतीच. मुंबईत येऊन इम्पीरियल कंपनीत किरकोळ कामे करत ते पुढे सरकले. १९३५ मध्ये 'अल हिलाल' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट आला. १९४३ चा 'नजमा' त्यांच्या स्वतःच्या मेहबूब प्रॉडक्शन्सचा, लखनवी मुस्लिम घराण्याची कथा सांगणारा.

या संस्थेचे चिन्ह होते विळा आणि हातोडा. आणि त्यासोबत ऐकू येई एक उर्दू शेर. त्याचा आशय असा की, बुरे चिंतणाऱ्यांच्या हाती काही नसते, सारे काही खुदाच्या मर्जीवर आहे. चिन्ह कामगार चळवळीचे आणि शब्द श्रद्धेचे, याचे अनेकांना नवल वाटे. आम्हाला मात्र यात विसंगती दिसत नाही. ज्याने रोजंदारीवर दिवस काढले, त्याने मेहनत आणि तवक्कुल शेजारी शेजारी ठेवले, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या खालापूरकरांना तर हे चिन्ह समजावून सांगायची गरज नाही. दिवाळीच्या सुमारास भातकापणीला हातात विळा येतो. खाली खोपोलीत १९१५ पासून टाटांचे वीजकेंद्र चालते आणि त्याच्या आसपास कारखाने वाढले. एकाच घरात एक भाऊ शेतावर आणि दुसरा पाळीवर, असे चित्र आपल्याकडे नेहमीचे आहे.

१९५७ मध्ये मेहबूब यांचा 'मदर इंडिया' आला. ऑस्करसाठी पाठवताना त्याची लहान आवृत्ती तयार केली आणि तिच्यातून विळा-हातोड्याचे चिन्ह वगळले. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या शीतयुद्धाचा तो काळ. परीक्षकांची नाराजी नको, असा हिशेब होता. चित्रपट शेवटच्या पाचांत पोहोचला, पुरस्कार मात्र मिळाला नाही.

हा निर्णय चूक होता, असे आम्ही म्हणणार नाही. व्यवहारात अशी वेळ येते. पण प्रश्न उरतोच : दार उघडावे म्हणून आपली पाटी किती झाकायची? भाड्याचे घर शोधताना, नोकरीचा अर्ज भरताना हा प्रश्न आपल्या अनेक तरुणांनाही पडतो. मेहबूब यांच्या उदाहरणातून एवढे दिसते की, चिन्ह काढले तरी त्या सिनेमातली माती, ती आई आणि तिचे कष्ट तसेच राहिले. आणि मायदेशी चिन्हही पडद्यावर राहिले. मेहबूब १९६४ मध्ये गेले. वांद्र्यात त्यांनी उभारलेल्या स्टुडिओला आजही त्यांचेच नाव आहे.

आज काय दिसते

प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. पुण्यातल्या तिच्या जागेवर १९६० मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आर. के. स्टुडिओला २०१७ मध्ये आग लागली आणि पुढे जागा विकली गेली. आता एका सिनेमाआधी चार-चार चिन्हे येतात, कारण पैसा लावणारे, वाटप करणारे, हक्क घेणारे सगळे वेगळे. संगणकावर बनवलेली ही चिन्हे झगमगीत असतात, पण त्यातून माणूस दिसत नाही. घरी पाहताना तर बोटाच्या एका स्पर्शात ती ओलांडता येतात.

आपल्याच तालुक्यात चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'साठी आग्र्याचा किल्ला तिथेच बांधला होता. म्हणजे साहेबमामा फत्तेलाल ज्या हुनरात निष्णात होते, तोच हुनर आपल्या शेजारी आला.

आम्ही आठवीच्या वर्गात काही चिन्हे फळ्यावर काढून पाहिली. सिंह मुलांनी लगेच ओळखला. उड्या मारणारा दिवाही ओळखला. तुतारी एकानेही ओळखली नाही, आणि विळा-हातोडा पाहून एकाने तो निवडणुकीतल्या पक्षाचा असल्याचे सांगितले. यात मुलांचा दोष नाही. त्यांना कुणी सांगितलेच नाही.

मग आम्ही त्यांना एक काम दिले : आपल्या घराचे चिन्ह काढा, आणि ते का निवडले ते चार ओळींत लिहा. कुणी शिलाई मशीन काढले, कुणी रिक्षा, एकीने अम्मीच्या हातातला पाटा-वरवंटा. चार ओळी लिहिताना बहुतेकांना घरी जाऊन विचारावे लागले की आजोबा काय काम करत होते. हे काम आपणही आपल्या मुलांना देऊन पाहावे. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण त्यांना विचारायला लावा.