अंत्ययात्रा, निषेध आणि कायद्याची क्रियापदे

जुन्या हुबळीत माझ्या मामांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी सात-आठ माणसे दंडाला काळ्या फिती लावून उभी होती. घोषणा नव्हत्या. कन्नडात लिहिलेला एकच फलक होता, थकीत मजुरीविषयी. ती सगळी मामांच्या गोदामात कामाला होती. मी संतापलो आणि पोलिसांना बोलवायला निघालो. मामींनी दाराशीच अडवले. म्हणाल्या, "अरे, त्यांचे पैसे राहिलेत. उभे राहू देत." तिरडी समोरून गेली तेव्हा त्यांतल्या दोघांनी हात जोडले.

मी मराठी शिकवतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निबंधात विद्यार्थी हमखास लिहितात, 'स्वातंत्र्याला मर्यादा हवी'. ती मर्यादा नेमकी कोठे आहे, हे कोणी लिहीत नाही. त्या दिवशी मलाही ते ठाऊक नव्हते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतात, याची यादी १९(२) मध्ये आहे : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी. 'भावना दुखावणे' हे शब्द या यादीत नाहीत. 'मृताचा आदर' हेही नाहीत.

मग अंत्यविधीला संरक्षण कशाचे? जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम २९७ हे ते संरक्षण. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३०१ झाले. शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. या कलमात 'भावना' हा शब्द येतो, पण तो एकटा येत नाही. भावना दुखावण्याचा किंवा धर्माचा अपमान करण्याचा हेतू हवा, निदान तसे होईल याची जाणीव हवी. आणि त्याच्या जोडीला एखादी कृती हवी. स्मशानात किंवा दफनभूमीत आगळीक करून शिरणे, प्रेताची विटंबना करणे, अंत्यविधीसाठी जमलेल्यांना व्यत्यय आणणे, अशी ती क्रियापदे आहेत. आमच्याकडची रुद्रभूमी असो की कब्रस्तान, कलम एकच.

क्रियापद गाळून केवळ 'भावना' उरल्या की काय होते, हे पालघरने दाखवले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी सर्व व्यवहार बंद होते. हा बंद कशासाठी, असे एका तरुणीने फेसबुकवर लिहिले. दुसरीने त्याला पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली. त्यांनी अंत्ययात्रा अडवली नव्हती, कोणाच्या विधीत व्यत्यय आणला नव्हता. पुढे त्यांच्यावरील कारवाई टिकली नाही. त्या प्रकरणात वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले.

मृत व्यक्तीविषयी काहीही बोलावे, असा याचा अर्थ नाही. बदनामीच्या कलमाच्या स्पष्टीकरणानुसार मृताविषयीचा आरोपही बदनामी ठरू शकतो. मात्र तो जिवंतपणी त्याच्या लौकिकाला बाधक ठरला असता असा हवा आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला हवा. लोकहितासाठी केलेल्या खऱ्या विधानाला त्याच कलमात अपवाद आहे.

अमेरिकेत हा प्रश्न अधिक कठोर रूपात आला. २००६ मध्ये इराकमध्ये मरण पावलेल्या एका सैनिकाच्या अंत्यविधीच्या वेळी एका चर्चचे सात जण अत्यंत विखारी फलक घेऊन उभे राहिले. सैनिकाच्या वडिलांनी दावा लावला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने निदर्शकांच्या बाजूने निकाल दिला. ते सार्वजनिक जागेत, सुमारे हजार फुटांवर होते. त्यांनी विधीत अडथळा आणला नव्हता. विषय सार्वजनिक होता. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने सैनिकांच्या अंत्यविधीपासून निदर्शकांनी किती अंतर राखावे, याचे नियम कडक केले. बंधन आले ते जागेवर आणि वेळेवर, मतावर नव्हे.

आपल्याकडे तर अंत्ययात्रा हेच निषेधाचे एक रूप आहे. गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा सनातन्यांनी पुण्यात काढली. आजही मराठीत 'प्रतीकात्मक अंत्ययात्रा' आणि कन्नडात 'अणकु शवयात्रे' निघते. तिथे ना प्रेत असते, ना शोकाकुल कुटुंब. म्हणून कलम ३०१ चा प्रश्न सहसा येत नाही. रहदारी आणि पोलिसांची परवानगी हे प्रश्न मात्र राहतातच.

या मापाने आमच्या गल्लीतल्या त्या माणसांकडे मी आता पाहतो. आम्हाला वाईट वाटेल, हे त्यांना नक्की ठाऊक होते. पण ती रस्त्याच्या कडेला होती, वाट मोकळी होती, ती गप्प होती. कलमातले एकही क्रियापद त्यांना लागू होत नव्हते. रुद्रभूमीच्या दारात उभे राहून त्यांनी तिरडी अडवली असती, तर मजुरी खरी असूनही उत्तर वेगळे आले असते.

निबंधात 'मर्यादा हवी' असे वाक्य आले की मी आता समासात एकच प्रश्न लिहितो : 'क्रियापद कोणते?' मामींना कलम माहीत नव्हते. मामांच्या तेराव्यानंतर त्यांनी गोदामाची हजेरीची वही मागवली आणि मला बेरीज करायला बसवले.