प्रोजेक्टर आधी सरळ ठेवा, कीस्टोन शेवटी

सोसायटीच्या हॉलमध्ये मॅच लावली, पण चित्र वर रुंद, खाली अरुंद दिसतंय? रिमोटवर लगेच कीस्टोन दाबू नका. का, ते सांगतो.

फुल एचडी प्रोजेक्टरकडे १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतात. डिजिटल कीस्टोन लेन्स हलवत नाही, चित्रच आकसून त्याचा आकार बदलतं. म्हणजे काही पिक्सेल वाया जातात, आणि मागच्या रांगेतल्यांना स्कोअरचे आकडे पुसट दिसतात.

मी हा क्रम पाळतो. आधी अंतर. थ्रो रेशो १.५ असेल, तर २ मीटर रुंद चित्रासाठी लेन्स पडद्यापासून ३ मीटरवर हवी. मग प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यासमोर, अगदी लेव्हलमध्ये. पुढचा पाय उचलला की चित्र वर सरकतं खरं, पण वरची बाजू फाकते. त्यापेक्षा टेबलच उंच करा. त्यानंतर झूम. शेवटी मेनू उघडून त्यातल्या अक्षरांवर फोकस.

एवढं करूनही थोडा तिरकेपणा उरला, तरच कीस्टोन, तेही अगदी थोडं. नवा प्रोजेक्टर घ्यायच्या आधी एकदा टेबल सरकवून बघाच!