तीन बहिणींचे गाणे

आपल्याकडे भजनाला पंचवीस माणसे बसली तरी सगळी एकाच सुरात गातात. अमेरिकेत दुसरीही एक रीत आहे. एकजण वरच्या सुरात गातो, दुसरा मधल्या, तिसरा खालच्या. शब्द तेच; सूर वेगळे. तरी ते एकमेकांत मिसळून जातात.

तिथल्या मिनिआपोलिस शहरच्या अँड्र्यूज घराण्यातल्या तीन बहिणी असे गात. थोरली लावर्न, मधली मॅक्सीन, धाकटी पॅटी. गाण्याचे सूर कागदावर लिहायचीही लिपी असते. ती एकट्या लावर्नला वाचता येई. धाकट्या दोघी नुसत्या ऐकून गाणे उचलीत! १९३७ साली त्यांच्या एका गाण्याची तबकडी निघाली आणि त्यांचे नाव देशभर झाले.

१९४१ च्या डिसेंबरात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. लाखो पोरे घरदार सोडून गेली. या बहिणी छावण्यांत जाऊन गात, जखमी शिपायांच्या इस्पितळातही गात. सैन्यासाठी खास तबकड्या निघत. त्या बाजारात विकायच्या नव्हत्या, शिपायांकडेच धाडायच्या. त्यांतही यांची गाणी होती.

१९४५ साली त्या इटलीत गेल्या. याच इटलीत आपल्या मराठा पलटणीचे जवान लढले होते. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे १९४४ साली तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणानंतर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

युरोपातली लढाई १९४५ च्या मे महिन्यात थांबली. जपानशी मात्र चालूच होती. ऑगस्टात नेपल्स बंदरात बहिणींचे गाणे झाले. समोर हजारो अमेरिकन शिपाई. त्यांना आता जपानच्या लढाईवर धाडायचे होते. एकातून सुटलो तर दुसरे पुढे उभे! त्यांचे तोंड उतरलेले असणारच.

पुढची हकिगत पॅटीनेच नंतर सांगितली. गाणे चालू असताना तिला बाजूला बोलावून एक चिठ्ठी दिली. म्हणाले, ही वाचून दाखव. तिला वाटले, कुणीतरी थट्टा करतोय. तरी तिने वाचली. जपानशी युद्ध संपले. आता कुणाला जायला नको.

कुणी हूं की चूं केले नाही. कुणाचा विश्वासच बसेना. तेव्हा तिने, हे खरे आहे, असे पुन्हा सांगितले. मग काय विचारता! एकच गलका उठला.

लावर्न १९६७ साली वारली, मॅक्सीन १९९५ साली. ती चिठ्ठी वाचणारी पॅटी २०१३ सालापर्यंत होती.