विश्लेषण : पक्षाघातानंतरची तोल-चाचणी मराठीत आणताना नुसते भाषांतर का पुरत नाही?

पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णाला पडण्याचा धोका मोठा असतो. त्याला न्हाणीघरात एकटे जाऊ द्यायचे का, काठी द्यायची की वॉकर, हे ठरवताना फिजिओथेरपिस्ट तोल-चाचणीच्या गुणांचाही आधार घेतात. यांतील प्रचलित चाचण्या मुळात इंग्रजीत तयार झाल्या आहेत.

तोल मोजतात कसा?

‘बर्ग बॅलन्स स्केल’ (१९८९) या चाचणीत खुर्चीतून उठणे, डोळे मिटून उभे राहणे, जमिनीवरची वस्तू उचलणे अशा १४ कृती असतात. प्रत्येकीला ० ते ४, असे एकूण ५६ गुण. ‘एबीसी’ (१९९५) ही मात्र प्रश्नावली आहे. १६ प्रसंगांत तोल जाणार नाही, याची किती टक्के खात्री वाटते, हे रुग्ण सांगतो. त्याची सरासरी काढतात.

अडचण कुठे येते?

‘एबीसी’तला शेवटचा प्रसंग बर्फाळ पदपथावर चालण्याचा आहे. बर्फ कधीच न पाहिलेला रुग्ण काय सांगणार? समजा, त्याने १५ प्रसंगांना ८० टक्के आणि याला शून्य दिले, तर सरासरी थेट ७५ वर येते. तोल तोच, गुण मात्र कमी. येथे शब्द नव्हे, प्रसंगच बदलावा लागतो; उदाहरणार्थ, पावसाळ्यातली शेवाळलेली वाट.

मग चाचणी ग्राह्य कधी?

रूढ पद्धतीनुसार दोन जण स्वतंत्र भाषांतर करतात. त्यांचा मेळ घालून, मूळ चाचणी न पाहिलेल्यांकडून ते पुन्हा इंग्रजीत आणले जाते. तज्ज्ञ समिती तफावती दूर करते आणि ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी होते. त्यानंतर खरी कसोटी : दोन तपासनीसांचे गुण जुळतात का? प्रकृती स्थिर असताना काही दिवसांनी तेच गुण येतात का? तोलाच्या अन्य चाचण्यांशी निष्कर्ष मिळतो का?

रुग्णाची वाचा गेली असेल तर?

पक्षाघातात भाषेचे आकलनही बिघडू शकते. अशा वेळी कृती करून दाखवता येते, म्हणून ‘बर्ग’सारखी चाचणी सोयीची ठरते, प्रश्नावलीला मर्यादा येतात.

नातेवाईकांनी काय करावे?

रुग्णाच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. प्रश्न कळला नाही तर तसे सांगावे. घरातला उंबरा, जिना, ओली फरशी यांची माहिती थेरपिस्टला द्यावी. कारण चाचणी दवाखान्यात होत असली, तरी तोल सांभाळायचा असतो तो घरातच.